कावळा, फांदी आणि चौदावं प्रकरण

प्रश्न : माझ्या कादंबरीतली मीरा बारा वर्षं बेपत्ता असलेल्या भावाला शोधतेय. चौदाव्या प्रकरणात तिची गाडी चुकते, ती फलाटावरच्या बाकावर टेकते. शेजारी आडवा झालेला माणूस तोंडावरचं वर्तमानपत्र बाजूला करतो, तर तो भाऊच! त्याआधीच्या तीन प्रकरणांत तिचे वडील जातात, नोकरी सुटते, बोट फ्रॅक्चर होतं. मैत्रिणीला वाचून दाखवलं तर म्हणाली, ‘फारच सोयीचं आहे.’ पण मला माझी मामेबहीण वीस वर्षांनी अशीच एका फलाटावर भेटली होती. खरं घडलेलं खोटं का वाटावं?

उत्तर : तुमची बहीण भेटली ती भेट कुणी जमवून आणली नव्हती; म्हणून तर तुम्ही ती अजून सांगता. मीराची गाडी मात्र तुम्ही चुकवलीत, आणि वाचकाला ते ठाऊक आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली तर चालून जातं. पण तीच फांदी नेमकी खलनायकाच्या डोक्यात पडली, की लोक झाडावर कोण चढलंय ते बघू लागतात.

गंमत अशी, की अॅरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’ या काव्य-नाट्यावरच्या ग्रंथात जवळजवळ असंच उदाहरण दिलंय, आणि तेही पसंतीने. आर्गॉस या ग्रीक शहरात मिटिस नावाच्या माणसाचा पुतळा त्याच्याच खुन्याच्या अंगावर कोसळला आणि खुनी मेला. पुतळा दुसऱ्या कुणाचा असता तर नुसता अपघात. मिटिसचा आहे म्हणून गोष्ट. माणसाच्या करणीशी योगायोगाचं असं काही नातं लागलं, की वाचक शक्यता मोजत बसत नाही. मीराच्या गाडी चुकण्याचं तिच्या कुठल्याच करणीशी नातं नाही. चुकली, बस्स.

आता ‘शाकुंतल’ घ्या. महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत शापही नाही आणि अंगठीही नाही. तिथे राजाला सगळं आठवत असतं, तरी तो नाकारतो. कालिदासाच्या नाटकात अंगठी पाण्यात पडते, मासा ती गिळतो, तोच मासा कोळ्याच्या हाती लागतो आणि अंगठी विकायला गेलेला कोळी राजाच्याच शिपायांना सापडतो. तुमच्या मैत्रिणीच्या हाती हे हस्तलिखित दिलं असतं तर? तरीही ते पटतं, कारण हा योगायोग कुणालाही सोडवत नाही. अंगठी मिळते तेव्हा दुष्यंताला शकुंतला मिळत नाही, फक्त आठवण मिळते. सहावा अंकभर तो पश्चात्तापात जळतो.

शापाचंही तसंच. दुर्वास दाराशी येऊन हाक मारतात, शकुंतला दुष्यंताच्या विचारात हरवलेली, तिला ऐकूच येत नाही. ज्याच्या विचारात आहेस तो तुला विसरेल, खुणेचा दागिना दिसेपर्यंत, हा शाप ऐकतात तिच्या सख्या. आणि त्या ठरवतात, हिला सांगायचं नाही, हळवी आहे. मला सगळ्या नाटकात ही जागा भयंकर वाटते. ऋषीचा कोप हे दुर्दैव खरं, पण ते तिच्यापर्यंत पोचतं मायेने धरलेल्या मौनातून. सांगितलं असतं तर तिने अंगठी जिवापाड जपली असती.

तेव्हा बाक ठेवा, वर्तमानपत्रही ठेवा (ते मला आवडलं). आधीचं बदला. वडील गेल्यावर घर विकायचं ठरतं, भावाची सही लागणार, आणि शोधून थकलेली मीरा ‘तो आता हयात नाही’ असं प्रतिज्ञापत्र करून देते. सही करून परतताना तिची गाडी चुकते. आता शेजारचा माणूस तोंडावरचं वर्तमानपत्र काढू दे. भेट तितकीच अशक्य, पण आता ‘सोयीची’ कोण म्हणेल? पिशवीत तो कागद आहे. ती त्याला मिठी मारेल का, की आधी पिशवी मांडीखाली सरकवेल?

मीही हे घाव सोसलेत. एका कथेत मी नायकाला ऐन वेळी वारसा मिळवून दिला होता. संपादकांनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं : ‘तुमच्या ओळखीने मिळाला का?’ आठवडाभर मी त्यांच्यावर चिडून होतो. मग वारसा पहिल्या पानावर नेला, आणि त्या पैशांनी नायकाची जी वाताहत झाली तीच कथा झाली.

राहिली संकटांची रांग. तीन दुर्दैवं एकामागून एक आली की तिसऱ्याला वाचक हळहळत नाही, मोजतो. त्यांना एकमेकांत अडकवा. वडिलांच्या आजारपणात खाडे पडले म्हणून नोकरी गेली, एवढं एक ‘म्हणून’ आलं तरी दोन संकटांचं एक होतं. फ्रॅक्चर मात्र खरंच काढा. त्या बोटाने पुढच्या सगळ्या प्रकरणांत काहीच केलेलं नाही. सतराव्या प्रकरणात तर मीरा दोन्ही हातांनी ट्रंक उचलते.