अल्बम प्रदर्शित होतो, प्रकाशित होतो, की नुसता येतो?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कॉलेजच्या एका पोरानं विचारलंय. तो दर शुक्रवारी नवीन आलेल्या सिंथपॉप (सिंथसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर उभं राहिलेलं पॉप) आणि सायकेडेलिक पॉपच्या (स्वप्नात तरंगल्यासारखं वाटणारं पॉप) अल्बमबद्दल मराठीत चार-पाच ओळी लिहितो आणि दर वेळी एकाच जागी अडतो. 'रिलीज झाला' लिहिलं की घरातले म्हणतात मराठीत लिही की, 'प्रदर्शित झाला' लिहिलं की त्याचं त्यालाच पिक्चरबद्दल लिहिल्यासारखं वाटतं, आणि 'प्रकाशित' लिहिलं की कवितासंग्रह. मग बरोबर काय? आणि सिंथपॉप, सायकेडेलिक यांना मराठी शब्द आहेत का, नसतील तर करावेत का?

थेट उत्तर आधी देतो. 'आला' लिही. टेम इंपालाचा डेडबीट हा अल्बम घे: टेम इंपालाचा डेडबीट १७ ऑक्टोबर २०२५ ला आला. एवढं पुरतं, यात काही कमी पडत नाही आणि वाचणाऱ्याला अडखळायला होत नाही.

आता का ते सांगतो, कारण मजा तिथं आहे. आपल्याकडं प्रत्येक गोष्टीला बाहेर यायचं वेगळं क्रियापद आहे आणि आपण ते न चुकता वापरतो, फक्त लिहायला बसलो की विसरतो. कोल्हापुरात पिक्चर 'लागतो'. पद्माला काय लागलंय, उमाला कुठला लागलाय, असंच विचारत आलोय आपण, पिक्चर प्रदर्शित झाला का असं रांगेत उभा राहिलेला माणूस कधी बोललेला मी ऐकला नाही. दिवाळी अंक 'निघतो'. कॅसेट 'निघायची', रेकॉर्ड 'निघायची'. गाणं 'येतं', आणि आता पोरं म्हणतात गाणं 'पडलं', म्हणजे यूट्यूबवर पडलं, ते पण मला आवडतं कारण ते कुणी शिकवलेलं नाही, बोलता बोलता झालंय.

आणि या सगळ्या क्रियापदांना जोडीदार आहे बघ. लागतो-लावतात, निघतो-काढतात, येतो-आणतात, सुटतो-सोडतात. गोष्ट आपोआप बाहेर आली असं सांगायचं तर पहिलं, कुणी बाहेर काढली ते सांगायचं तर दुसरं. म्हणून पेट शॉप बॉईज या सिंथपॉप जोडीबद्दल 'पेट शॉप बॉईजनी एप्रिल २०२४ मध्ये नवा अल्बम काढला' हे एकदम सरळ मराठी आहे. आणि 'पेट शॉप बॉईज यांच्याकडून नवा अल्बम प्रदर्शित करण्यात आला' यात शब्द सगळे मराठी असून वाक्य मात्र मराठी नाही. घरातले 'रिलीज' या एका शब्दावर अडतात, पण खरी अडचण त्या 'करण्यात आला'ची आहे, ती आधी काढ.

'प्रदर्शित'मध्ये दृश् धातू आहे, बघणं. गाण्याचा व्हिडिओ आला असेल तर प्रदर्शित लिही, चालतंय. नुसता ऐकायचा अल्बम प्रदर्शित कसा होईल? 'प्रकाशित'मध्ये उजेडात आणणं आहे आणि ते पुस्तकापुरतं कधीच नव्हतं, 'ध्वनिफितीचं प्रकाशन' अशा पत्रिका आमच्या घरी ढिगानं यायच्या, तेव्हा जरा नटूनथटून लिहायचं असेल तर प्रकाशित बिनधास्त वापर. 'विमोचन' मात्र नको, ते हिंदीतलं आहे, मराठी कानाला विमोचन म्हटलं की ऋणविमोचन आठवतं, म्हणजे कर्ज फेडलं बिडलं. 'लोकार्पण' पाण्याच्या टाकीचं होतं. आणि 'ड्रॉप झाला' अजिबात लिहू नको, कारण मराठीत ड्रॉप म्हणजे वगळणं, टीममधून ड्रॉप केला, एक वर्ष ड्रॉप घेतलं, तेव्हा 'एमजीएमटीनं अल्बम ड्रॉप केला' हे माझ्या वयाचा माणूस वाचणार आणि म्हणणार, अरेरे, का केला बाबा, चांगला बँड होता.

शुक्रवारचं पण सांगून टाकतो. १० जुलै २०१५ पासून जगभर नवीन अल्बम शुक्रवारी यायला लागले, त्याआधी इंग्लंडमध्ये सोमवार आणि अमेरिकेत मंगळवार असायचा. आपल्याला शुक्रवार नवीन नाही, आपल्याकडं पिक्चर शुक्रवारीच लागतो.

पण मला खरं बोलायचंय ते दुसऱ्या 'रिलीज'बद्दल, जो तू विचारला नाहीस आणि सिंथपॉपवर लिहिणाऱ्याला आज ना उद्या लागणारच. मी नव्वदच्या दशकात इथल्याच एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो, लोक त्याला सरसकट कॅसिओच म्हणायचे मग तो कुठल्याही कंपनीचा असू दे. सिंथवर, म्हणजे सिंथसायझरवर, आवाजाला आकार द्यायच्या चार गोष्टी असतात, अटॅक, डिके, सस्टेन आणि रिलीज. पट्टी दाबल्यावर आवाज किती वेळात वर चढतो तो अटॅक, मग तिथनं जरा खाली उतरतो तो डिके, बोट पट्टीवर आहे तोवर ज्या पातळीवर टिकून राहतो तो सस्टेन, आणि बोट उचलल्यावर विरायला किती वेळ घेतो तो रिलीज. रिलीज शून्य ठेवला की आवाज सुरीनं कापल्यासारखा तुटतो, सिंथपॉपची ती टकटकीत बेस लाइन अशीच होते. रिलीज वाढवला की एक सूर दुसऱ्यात मिसळतो, तिसऱ्यात मिसळतो, सगळं धुक्यात गेल्यासारखं होतं, आणि सायकेडेलिक पॉपमध्ये जे तरंगल्यासारखं वाटतं त्यात या लांबलेल्या शेपटाचा वाटा मोठा आहे.

आता या रिलीजला 'प्रकाशन' म्हणून बघ. होत नाही. 'मुक्ती' पण होत नाही. याला शब्द आपल्याकडं आहे आणि कोल्हापूरकर तो दर पावसाळ्यात पेपरात वाचतो. विसर्ग. राधानगरी धरण भरलं, स्वयंचलित दरवाजा उघडला, एका दरवाजातून १४२८ क्युसेक विसर्ग, मग आपण सगळे राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसतो, इशाऱ्याची ३९ फूट झाली का, धोक्याच्या ४३ कडं चालली का. धरणातनं पाणी रिलीज करणं म्हणजे विसर्ग, हा शब्द इथं भाजीवाल्या मावशीला पण माहीत आहे, त्यात बोजड काही राहिलेलं नाही. आणि बघ, दरवाजा बंद झाला तरी नदी लगेच उतरत नाही, पाणी ओसरायला वेळ लागतो, तो वेळ म्हणजेच सिंथवरचा रिलीज.

याच्यापेक्षा भारी गोष्ट अशी की विसर्ग हा आधीपासून आवाजाचाच शब्द आहे. शाळेत शिकलो ते दोन टिंब, दुःख, अंतःकरण, स्वतः. वि आणि सृज्, सोडून देणं, विसर्जनात आहे तोच धातू. संस्कृत पाठ करणारा 'रामः' म्हणतो तेव्हा 'रामह' असं ऐकू येतं, 'हरिः' म्हणतो तेव्हा 'हरिहि', म्हणजे स्वर सोडून दिला तरी त्याची सावली श्वासात मागं राहते, आणि ज्या स्वराची ती सावली त्याचाच रंग तिला असतो. बोट उचलल्यावर सिंथचा सूर करतो ते तंतोतंत हेच. कुणी किती जुन्या काळी ते दोन टिंबांचं नाव ठेवलं, त्याला सिंथसायझर स्वप्नात पण दिसला नसणार, पण कान तोच होता. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती, उठून कीबोर्ड लावून बसलो होतो.

तेव्हा 'या गाण्यात पॅडचा (मागं पसरून राहणाऱ्या सिंथच्या सुरांचा) विसर्ग लांबवलाय' असं लिहून बघ. पहिल्यांदा लिहिशील तेव्हा अर्ध्या ओळीत समजावून सांग, नंतर गरज पडणार नाही.

बाकीच्या तिघांचं काय? अटॅकला आघात आहेच, तबलजी वापरतात. सस्टेनला मी 'आस' म्हणेन. सतारीवर तार छेडल्यावर सूर टिकून राहतो त्याला आस म्हणतात, मिरजेत तंबोरे-सतारी करणाऱ्यांकडं जाऊन बस तासभर, जवारी (तारेचा झणकार घोडीवर जुळवणं) कशी लागली आणि आस किती आहे यावरच बोलणं चालू असतं. सतारीची आस हळूहळू विरते आणि सिंथचा सस्टेन एका पातळीवर थांबतो, एवढा फरक आहे खरा. पण सतारीवर बोट पडद्यावरनं उचललं की आस तुटते, आणि सिंथवर पण सस्टेन बोट आहे तोवरच, त्यामुळं मला जोडी पटते. डिकेला साधं 'उतार' म्हण.

आता सिंथपॉप. सिंथ हा सिंथेसिसचा तुकडा. ग्रीकमध्ये 'सिन्' म्हणजे एकत्र आणि 'थेसिस' म्हणजे ठेवणं. हे जे ठेवणं आहे त्याचा ग्रीक धातू आणि आपला संस्कृत 'धा' हे सख्खे भाऊ आहेत. 'सिन्' आणि 'सम्' कितीही सारखे दिसले तरी त्यांचं नातं नाही हं, सम् चं ग्रीक नातं 'होमो'शी लागतं. पण घडण तीच, एकत्र आणि ठेवणं, म्हणजे सम् आणि धा, म्हणजे संधी. विद्यालय, सूर्योदय वाली संधी. सिंथसायझर लहरी एकावर एक ठेवतो, चाळतो, त्यातनं तिसराच आवाज उभा करतो, संधीत पण दोन स्वर भेटून तिसरा उभा राहतो.

म्हणून 'संधिपॉप' म्हणायचं का? नको. संगीतात संधिप्रकाश राग, म्हणजे दिवस-रात्रीच्या सीमेवर गायचे राग, आधीच आहेत, मारवा, पूरिया, श्री, घोळ होईल. आणि 'कृत्रिम पॉप' तर मुळीच नको, तो अन्याय आहे. इचलकरंजीत मागावर बसलेल्या माणसाला सिंथेटिक म्हणजे सुती नाही ते, त्यात कमी-जास्तपणा नाही, सुताची जात आहे ती. पण बाकीच्यांच्या बोलण्यात सिंथेटिक म्हणजे नकली असं होऊन बसलंय आणि तो डाग या संगीतावर उगाच पडतो. आपल्या चरणजित सिंगांनी १९८२ मध्ये सिंथसायझर आणि ड्रम मशीन घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले, तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही, २०१० मध्ये ती रेकॉर्ड परत निघाली आणि जगानं कान टवकारले. ते नकली आहे म्हणायची कुणाची छाती आहे? सिंथपॉपला सिंथपॉपच म्हण, एका शब्दात, मध्ये जागा न सोडता.

सायकेडेलिकचं स्पेलिंग नीट लिही, कारण 'सायकोडेलिक' असं बरेच जण लिहितात आणि तिथं एक गोष्ट हरवते. हा शब्द १९५६ मध्ये हम्फ्री ऑस्मंड नावाच्या मानसोपचार डॉक्टरांनी लेखक ऑल्डस हक्सलींना लिहिलेल्या पत्रात केला. सायकी म्हणजे मन आणि डेलॉस म्हणजे उघड, स्पष्ट, तेव्हा मन उघडं करून दाखवणारं. त्याआधी एलएसडीसारख्या, मनावर असर करणाऱ्या औषधांना जो शब्द होता त्याचा अर्थ वेडाची नक्कल करणारं असा होता, आणि तो वेडाचा वास नको म्हणूनच त्यांनी 'सायको' टाळून 'सायके' ठेवलं. म्हणजे त्या एका 'के'त सगळा मुद्दा आहे. हक्सलींनी स्वतःचा वेगळा शब्द सुचवला होता, तो मागं पडला.

यामुळंच भ्रमकारी, भ्रामक वगैरे प्रतिशब्द मला मान्य नाहीत, ज्यानं शब्द केला त्याला जे नको होतं तेच आपण परत आत आणतो. आमच्या ग्रुपात एकानं 'नादखुळा पॉप' सुचवलं. नाद म्हणजे आवाज आणि नाद म्हणजे वेड, दोन्ही एकाच शब्दात, आणि कोल्हापुरात नाद खुळा ही शिवी नाही, कौतुकाची शेवटची पायरी आहे. मन लई ओढलं जातं. पण ते गाणं आवडलं हे सांगायला ठेवूया, प्रकाराचं नाव म्हणून नको, कारण मग लावणी पण नादखुळा आणि हलगी-घुमकं पण नादखुळा, वेगळेपणा काय राहिला. गझल आपण गझलच ठेवली, कव्वाली कव्वालीच, प्रकाराचं नाव हे माणसाच्या नावासारखं असतं, त्याचं भाषांतर करत नाहीत.

राहिलं लिंग. अल्बम आला, ट्रॅक आला, सिंगल आलं कारण मनात गाणं असतं, ईपी (अल्बमपेक्षा छोटी, थोड्या गाण्यांची) आली कारण मनात रेकॉर्ड असते. सिंथपॉप ऐकलं, कारण संगीत ऐकलं. यावर नियम शोधत बसू नको, डॉल्बी स्त्रीलिंगी आहे हे आपल्याला कुणी सांगितलं होतं? 'डॉल्बी लावली' असं सगळं गाव एका तोंडानं म्हणतं.

तू नमुना म्हणून पाठवलेलं वाक्य होतं, 'मॅग्डलेना बे यांचा इमॅजिनल डिस्क हा सिंथपॉप अल्बम दिनांक २३ ऑगस्ट २०२४ रोजी प्रदर्शित करण्यात आला.' मी असं लिहिलं असतं: मॅग्डलेना बेचा इमॅजिनल डिस्क २३ ऑगस्ट २०२४ ला आला, अळीच्या अंगात फुलपाखराचे पंख आणि पाय जिथनं फुटणार त्या पेशींच्या चकत्यांना हे नाव आहे, आणि अल्बम ऐकताना सूर कुठं संपला आणि पुढचा कुठं सुरू झाला ते कळत नाही इतका विसर्ग लांब ठेवलाय.