मोहोळकडं कॅनॉलच्या पाण्यावर उसाचं काळं रान पांढरं पडतंय. मृदा आरोग्य पत्रिकेवर सामू (pH) ८.७ आहे. जिप्सम किती टाकू?

नुसत्या सामूवरून कुणी किलोत आकडा सांगितला तर ऐकू नका. पत्रिकेवर १२ गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. जिप्समचा हिशेब ज्यावर चालतो तो विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम, त्यात नसतोच. तो प्रयोगशाळेत वेगळा सांगून काढून घ्या, सोबत कॅटायन विनिमय क्षमता (सोडियम, कॅल्शियमसारखे धनभारित कण माती किती धरून ठेवू शकते ते) आणि मुक्त चुनाही मागा. नमुना ०-१५, १५-३० आणि ३०-६० सें.मी. असा थराथरानं घ्या, सावलीत वाळवा, आणि खताच्या रिकाम्या गोणीत अजिबात भरू नका.

तोवर घरी एक करता येईल. वाटाण्याएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासात, पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडा, हलवू नका. काळं ढेकूळ फुटून खाली बसणारच, त्यावरून काही ठरत नाही. दोन तासांनी त्याच्याभोवती दुधट ढग दिसला आणि वरचं पाणी निवळत नसेल, तर सोडियम चढलाय, जमीन चोपण होतेय. पाणी नितळ राहिलं तरी निर्धास्त होऊ नका. क्षार भरपूर असले की सोडियम असूनही मातीचे कण एकमेकांना धरून राहतात. (बोअरचं पाणी याच कारणानं चालत नाही.)

सगळ्यात महागात पडणारी चूक इथंच होते. पांढरं दिसलं म्हणून भरपूर पाणी सोडून क्षार धुतले जातात. क्षार गेले, सोडियम राहिला, कण सुटे होऊन छिद्रं बुजली. मग वर पाणी तुंबतं आणि खाली माती कोरडीच. म्हणून क्षारयुक्त-चोपण रानात आधी जिप्सम, मग पाणी.

आता आकडे. पुस्तकात चोपण जमिनीची मर्यादा सोडियम १५ टक्के (विनिमय क्षमतेच्या) अशी सापडेल. ती अमेरिकेतल्या क्षारता प्रयोगशाळेच्या १९५४ च्या पुस्तिकेतली. पण विदर्भात पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या जमिनींवर नागपूरच्या मृदा सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी काम केलं, तेव्हा साधारण ५ टक्क्यांपासूनच निचरा मंदावताना दिसला, कारण ही माती फुगणारी. सोलापूरची काळी मातीही त्याच जातीची, तेव्हा १५ ची वाट बघण्यात अर्थ नाही. क्षारतेचंही तसंच: ४ (डेसिसायमन प्रति मीटर) ही मर्यादा संपृक्त अर्काची, म्हणजे पाण्यानं पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची, प्रयोगशाळा मात्र सहसा माती-पाणी १:२.५ वर मोजते. त्यात १ च्या वर गेलं तरी सावध व्हा.

समजा विनिमय क्षमता ५० (१०० ग्रॅम मातीमागे मिलिइक्विव्हॅलंट, खाली त्यालाच एकक म्हणतो), सोडियम १६ टक्के आणि तो ६ वर आणायचाय. म्हणजे ५० चे १० टक्के, ५ एकक. दर एककाला १०० ग्रॅम मातीमागे ८६ मिलिग्रॅम शुद्ध जिप्सम लागतं. एकराचा १५ सें.मी. थर ८०० टनांच्या आसपास, म्हणून एककाला सुमारे ६८० किलो, ५ ला ३.४ टन. जिप्सम ७० टक्केच शुद्ध असेल तर ४.९ टन. मी तरी पहिल्या वर्षी निम्मंच टाकीन. पावसाळ्याआधी पसरून वरच्या १०-१५ सें.मी.तच मिसळा, खोल नांगरलं तर ते विखुरतं आणि परिणाम दिसत नाही. अहवालात मुक्त चुना भरपूर असेल तर टनभर शुद्ध जिप्समऐवजी साधारण १९० किलो गंधकही चालतं, पण ते जिवाणूंमार्फत काम करतं, ओल आणि काही महिने लागतात. चुना नसेल तर गंधकाच्या नादी लागू नका.

यातलं काहीही निचऱ्याशिवाय फुकट. मीटरभर खड्डा घेऊन रात्रभर ठेवा. सकाळी त्यात पाणी चढलेलं दिसलं तर आधी चर काढा किंवा मीटर-सव्वा मीटरवर सच्छिद्र पाइप टाका, नाहीतर खालचे क्षार उन्हाळ्यात परत वर येणारच. ते पाणी ओढ्यात सोडताना खालच्या अंगाला कुणाची विहीर आहे का तेवढं बघा, ते खारंच असणार. निचरा सुरू झाला की धैंचा (हिरवळीचं खत) पेरा, एकरी २० किलो, आणि ४५ दिवसांत फुलोऱ्याआधी गाडा. युरिया उघड्यावर फेकू नका, ८.७ सामूला त्यातला बराच नत्र अमोनिया होऊन हवेत जातो. दोन पावसाळ्यांनी त्याच जागेवरून, त्याच तीन थरांतून पुन्हा नमुना घ्या आणि उरलेलं जिप्सम त्या आकड्यावरून ठरवा.