दिवेआगरचे घर मुलांच्या नावावर आताच करावे का?

साठी-सत्तरीच्या घरातले आणि कोकणात सुट्टीसाठी हौसेने घर बांधलेले अनेक पालक माझ्याकडे जवळजवळ एकच प्रश्न घेऊन येतात: आमच्या पश्चात मुलांना या घरावर मोठा कर भरावा लागेल का, आणि तो टाळण्यासाठी घर आताच त्यांच्या नावावर करून टाकावे का? मी कौटुंबिक समुपदेशक आहे. दस्त करणे हे वकिलाचे आणि कराचा हिशेब मांडणे हे सनदी लेखापालाचे काम असल्यामुळे प्रत्येक कुटुंबाला मी त्यांच्याकडे पाठवतेच. परंतु या प्रश्नातला कराचा भाग लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच लहान असतो, आणि उरलेल्या भागाविषयी घरात कोणी बोलत नाही.

आबा आणि माई यांची हकीकत त्यांच्या अनुमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते. आबा बँकेतून आणि माई शाळेतून निवृत्त झालेल्या, राहणे डोंबिवलीला. श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर येथे आबांची वडिलोपार्जित नारळी-सुपारीची वाडी आहे, आणि तिच्या शेजारी गावठाणात जागा विकत घेऊन त्यांनी १९९८ मध्ये घर बांधले. मुलगा पुण्यात असतो, मुलगी नोकरीनिमित्त दुबईला. एका परिचिताने आबांना सांगितले होते की मुलांना राहते घर बक्षीस दिले तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये लागते, तेव्हा उशीर करू नका. आबांनी बक्षीसपत्राचा मसुदाही तयार करून आणला होता. घर दोन्ही मुलांना, वाडी दोन्ही मुलांना, आणि विषय संपला.

२०० रुपयांची गोष्ट खरी आहे. महाराष्ट्रात निवासी किंवा शेतीची मिळकत मुलगा, मुलगी, नातवंडे, पती-पत्नी यांना बक्षीस दिली तर शुल्क एवढेच असते. स्थानिक संस्थेचा अधिभार वेगळा लागू शकतो. परंतु ज्या कराच्या भीतीने ही घाई चालली होती तो कर आपल्याकडे अस्तित्वातच नाही. मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरील संपदा शुल्क १९८५ मध्ये रद्द झाले. आईवडिलांकडून मृत्युपत्राने, वारशाने किंवा बक्षीस म्हणून मिळालेल्या घरावर मुलांना प्राप्तिकर लागत नाही. कर येतो तो मुले पुढे घर विकतील तेव्हा, भांडवली नफ्यावर, आणि त्या वेळी घर बक्षीसपत्राने आले होते की मृत्युपत्राने याने काही फरक पडत नाही. दोन्ही प्रसंगी आईवडिलांना पडलेली किंमत हीच मुलांची किंमत धरतात आणि आईवडिलांच्या मालकीची वर्षेही मोजतात. सध्या दीर्घकालीन नफ्यावरचा दर साडेबारा टक्के आहे. घर २००१ पूर्वीचे असल्यामुळे १ एप्रिल २००१ रोजीचे बाजारमूल्य आधारभूत घेता येते. म्हणून आबांनी नोंदणीकृत मूल्यांककाकडून त्या तारखेचे मूल्यांकन आताच करून घ्यावे आणि बांधकामाच्या पावत्या एका फाइलमध्ये लावाव्यात, असे त्यांच्या लेखापालांनी सुचवले. मुलांच्या दृष्टीने ती फाइल बक्षीसपत्रापेक्षा अधिक उपयोगाची आहे, असे माझे मत झाले.

घाईने दस्त केला असता तर काही अडचणी उलट ओढवल्या असत्या. स्वतःच्या राहण्यासाठी धरलेल्या दोनच घरांचे वार्षिक मूल्य प्राप्तिकरात शून्य धरतात. मुलाची पुण्यात आणि ठाण्यात अशी दोन घरे आधीच आहेत, म्हणजे तिसऱ्यावर न मिळालेल्या भाड्याचाही कर त्याच्या माथी आला असता. वाडीचा प्रश्न त्याहून कठीण होता. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला शेतजमीन वारशाने मिळू शकते, पण बक्षीस म्हणून घेता येत नाही. शिवाय सातबारावर आबांच्या धाकट्या बहिणीचे, म्हणजे मुलांच्या आत्याचे, नाव होते. वडिलोपार्जित आणि सामायिक असलेली ती वाडी आबांनी एकट्याच्या मर्जीने कोणाला द्यावी अशी स्थितीच नव्हती. कोकणातला सातबारा उघडला की निम्म्या कुटुंबकथा बाहेर येतात, असा माझा अनुभव आहे.

एवढे सगळे बोलणे झाले तरी माई एक शब्दही बोलल्या नव्हत्या. घर कोणाच्या नावावर आहे, असे मी त्यांनाच विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “यांच्या एकट्याच्या. बक्षीसपत्र झाल्यावर मी तिथे गणपतीला गेले तर कोणाच्या घरी जाईन, ते मला कळत नाही.” आबांना हे नवीन होते. स्वीकारले गेलेले आणि नोंदवलेले बक्षीसपत्र देणाऱ्याला मनात आले म्हणून मागे घेता येत नाही. सांभाळ करण्याची अट घातलेली असेल आणि ती पाळली गेली नाही, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यानुसार न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पण स्वतःच्या मुलांविरुद्ध अर्ज करण्याची वेळ येईल असा दस्त कोणत्या आईला हवा असेल?

पुढच्या बैठकीला मुलगा आणि सून समोर होती, मुलगी दुबईहून व्हिडिओ कॉलवर. तेव्हा कळले की मुलांच्या मनात कर नव्हताच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्या पट्ट्यातल्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या आणि आबांच्या घराची कौले उडाली. टाळेबंदीतून वाट काढत मुलगा तिथे पोहोचला, छप्पर त्याने स्वतःच्या पैशाने घातले, आणि त्यानंतर वाडीच्या गड्याची मजुरी, घरपट्टी, वीजबिल हे सगळे तोच पाहत आला. समान वाटणीला त्याची हरकत नव्हती, परंतु त्या खर्चाचा उल्लेख कोणीच करत नाही हे त्याला लागले होते. मुलगी म्हणाली, “दादा, तू कधी मागितलेच नाहीस, आणि बाबांनी मला आकडा कधी कळू दिला नाही.” आबांनी कबूल केले की लेकीकडून पैसे घेणे त्यांना बरे वाटत नव्हते. वाटा समान द्यायचा आणि खर्च मात्र मुलाने करायचा, ही विसंगती अनेक सुसंस्कृत घरांत मी पाहिली आहे. मुलीवरची माया म्हणून ती सुरू होते आणि पुढे बहीण-भावांच्या मनात अढी बसवते.

सुनेला तिथे पर्यटकांसाठी निवास-न्याहारी सुरू करायची होती, आणि आबांनी घराचा एक भाग तिच्याच नावे करावा असेही सुचले होते. लेखापालांनी सांगितले की सासऱ्यांनी सुनेला दिलेल्या मिळकतीचे उत्पन्न सासऱ्यांच्याच उत्पन्नात मिळवले जाते. ती सूचना तिथेच मागे पडली. व्यवसायाचा विचार मात्र तिने सोडलेला नाही.

अखेर आबांनी मृत्युपत्र केले. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नसली तरी दुय्यम निबंधक कार्यालयात ती करून घेतली, आणि साक्षीदार म्हणून लाभार्थी नसलेल्या दोघांना घेतले. घर माईंच्या हयातीपर्यंत त्यांच्या वहिवाटीत राहील आणि नंतर दोन्ही मुलांना समान जाईल. मुलांनी आपापसांत वेगळे लेखी समजपत्रक केले: दुरुस्तीसाठी दोघांनी दरवर्षी ठरावीक रक्कम एका खात्यात भरायची, गणपतीला घर सर्वांना मोकळे ठेवायचे, मे महिना वाटून घ्यायचा, आणि कोणाला आपला हिस्सा नको झाला तर आधी भावंडाला मूल्यांकनाच्या किमतीने द्यायचा. छपराचा खर्च अशा व्यवहाराच्या वेळी आधी मुलाला वळता होईल, हे कलम मुलीने स्वतः घालायला लावले.

वाडीचे मात्र अजून काही ठरलेले नाही. आबांचे म्हणणे असे की बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करून द्यावी, तिला तरी कुठे यायचे आहे. इतक्या वर्षांत तिला सुपारीच्या उत्पन्नातला वाटा कधी पाठवला होता का, असे मी विचारले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या बैठकीला आत्यांनाही बोलवायचे ठरले आहे, आणि त्यांना फोन माई करणार आहेत.