क्लॅरिनेटवाले काका

चि. —,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं बोलावणं आलंय आणि त्यात आपलं संगीतरचना लिहिणं मागे पडेल, अशी तुला धास्ती. पडेल. पहिली दोन वर्षं तर पडेलच. उत्तरपत्रिका, अंतर्गत गुण, 'सर, नोट्स मिळतील का?' यातून घरी आल्यावर कानात काही उरत नाही. तरी घे ते काम. तासिकेच्या पैशांवर मुंबईत घरभाडं निघत नाही, हे धरून चाल. एम.ए.ला ५५ टक्के आहेत ना? मग नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा आत्ताच उरकून टाक. एवढं पुरे या विषयावर.

संगीतकार वनराज भाटिया बघ. मुंबईचेच. लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकले, मग पॅरिसला संगीतरचनेच्या नामांकित शिक्षिका नादिया बूलांजे यांच्याकडे. परत येऊन दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीत शिकवलं आणि मुंबईत जिंगल्स, म्हणजे जाहिरातींची छोटी गाणी केली, तीही हजारोंनी. १९७४ च्या 'अंकुर' चित्रपटाचं संगीत, 'तमस'साठी मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार सगळ्यांना आठवतो. जिंगल्सचं नाव निघालं की लोक नाक मुरडतात. मला उलट त्यांचा हेवा वाटतो. सकाळी लिहिलेलं दुपारी माणसांनी वाजवलेलं ऐकायला मिळणं, ही चैन आपल्यातल्या किती जणांना परवडते?

माझंच सांगतो. तिशीत दादरला एक हॉल तासावर घेऊन रिहर्सल लावली होती. क्लॅरिनेटचा सोलो सुरू झाला आणि सगळं भलतंच वाजू लागलं. बी फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली बोलतं, हे मी वर्गात दरवर्षी शिकवत होतो, आणि पार्ट, म्हणजे त्या वाद्याचा सुटा कागद, तेवढा वर चढवून लिहायलाच (ट्रान्सपोज करायलाच) विसरलो होतो! वाजवणारे काका फिल्मी रेकॉर्डिंगमध्ये मुरलेले. काही बोलले नाहीत. 'पुन्हा घ्या' म्हणाले आणि बघता बघता अख्खा पार्ट एक स्वर वर चढवून वाजवला. चहाच्या वेळी मात्र पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथे पान उलटायला तिसरा हात कुठून आणू?" त्या ओळीत श्वास घेण्याएवढीही विश्रांती मी ठेवली नव्हती.

म्हणून म्हणतो, वर्ग मिळाला की समोर जे बसलेत त्यांच्यासाठीच लिही. चार हार्मोनियम, एक गिटार, दोन गाणाऱ्या मुली, एखादा तबला. स्ट्रिंग क्वार्टेटची, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या संचाची वाट बघू नकोस. त्यांच्याकडून आठ मात्रा वाजवून घे, चुकतील तिथे आधी आपला कागद तपास.

तुझ्या स्कोअरमध्ये, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेल्या कागदात, मला हेच दिसलं: चूक कागदावरच आहे. भातखंडे स्वरलेखन पद्धतीत मींडेला, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्याला, स्वरांवर कमान देतो, तशीच तू व्हायोलिनच्या ओळीवर दिली आहेस. ती वाचून वाजवणारा सगळे स्वर गजाच्या एकाच ओढीत वाजवेल, पण सुटे सुटे. मींड येणार नाही. मींड हवी तिथे दोन स्वरांमध्ये तिरकी रेघ ओढ, आणि अंतर मोठं असेल तर मधे कुठे रेंगाळायचं तेही लिही.

रविवारी सकाळी ये. पार्ट्स सुटे काढून आण, नुसता स्कोअर नको. आणि पान उलटायची जागा बघून ठेव.

तुझा,
सर