बॅटरी राहू द्या, आधी आरआरएसपी सुरू करा

प्रश्न: आम्ही चार वर्षं कॅनडात, युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सला राहतो. पगार वर्षाला 90 हजार डॉलर. हिवाळ्यात पारा उणे 40 पर्यंत उतरतो, बेसबोर्ड हीटर चालतात आणि विजेचं बिल फुगतं. एक विक्रेता 20 हजार डॉलरला साडेतेरा युनिटची ‘स्मार्ट’ बॅटरी बसवून देतोय. सात वर्षांत पैसे वसूल, म्हणतो. पत्रकात ओल्ड क्रो गावाचं उदाहरण आहे. पैसे जमवायला कंपनीतलं आरआरएसपी, म्हणजे निवृत्तीसाठीची करसवलतीची बचत, तूर्त बंद केलंय (पगाराच्या 5 टक्के आम्ही, तेवढेच कंपनी). तसेही ते पैसे अडकूनच पडतात. उरलेले 8 टक्क्यांच्या कर्जातून. नाशिकच्या विमा पॉलिसीचा वर्षाला 1 लाख 20 हजार रुपयांचा हप्ता मात्र कधी चुकवलेला नाही. 15 वर्षं भरायचे, 20 वर्षांनी 32 लाख. बॅटरी घ्यावी का?

उत्तर: नाही.

विक्रेत्याचा हिशेब ओंटारिओत एकवेळ ऐकून घेता आला असता. तिथे रात्री वीज स्वस्त नि संध्याकाळी महाग असा दर घेता येतो. तुमच्याकडे घरगुती दर दिवसरात्र तोच. मग स्वस्तात भरणार कधी? उलट भरण्या-उपसण्यात दहावा हिस्सा वाया. म्हणजे वसुली सात वर्षांत नाही आणि सत्तर वर्षांतही नाही. वीज गेली तर उपयोगी पडेल म्हणाल, तर कडाक्याच्या थंडीत घर 8 किलोवॅट ओढत असेल तेव्हा ती दोन तासही टिकणार नाही. त्या भीतीवर लाकडाचा स्टोव्ह हा खरा उपाय.

ओल्ड क्रोचा दाखला तर शुद्ध दिशाभूल आहे. ते गाव आर्क्टिक वृत्ताच्या वर, रस्ता नाही, डिझेल विमानानं येतं. 2021 मध्ये तिथे 940 किलोवॅटचं सोलर सुरू झालं, जोडीला बॅटरी आणि डिझेल जनरेटर कधी थांबवायचा ते ठरवणारा कंट्रोलर. प्रकल्प वुंटुट ग्विचिन लोकांच्या सरकारचा, आणि वीज विकायचा 25 वर्षांचा करार त्यांच्या हातात. तुमच्या हातात काय आहे? विक्रेत्याचं पत्रक. व्हाइटहॉर्सची वीज मुख्यतः पाण्यावरची. हिवाळ्यात मागणी चढते, पाणी कमी पडतं, मग एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) आणि डिझेल जाळावं लागतं. सकाळ-संध्याकाळच्या मागणीच्या गर्दीतून तुमचा हीटर बाजूला झाला तर पैसे वीज कंपनीचे वाचतात, तुमचे नाही. तर खर्चही तिनंच करावा. युकॉन एनर्जीने थर्मोस्टॅट आणि पाणी तापवायच्या टाक्यांसाठी ‘पीक स्मार्ट’ नावाचा उपक्रम काढला होता, तशा योजनेत जागा असेल तर जरूर नाव द्या. पदरचा डॉलर घालू नका.

आता तुम्ही कंसात उरकलेलं वाक्य. तुम्ही वर्षाला 4,500 डॉलर घालत होता, कंपनी 4,500 घालत होती, शिवाय तुमच्या वाट्यावर 30 टक्क्यांच्या आसपास कर वाचत होता, म्हणजे आणखी 1,350. साडेचार हजारांवर 5,850 चा फायदा, तोही पहिल्याच वर्षी. हे सोडून तुम्ही शून्य परताव्याच्या वस्तूसाठी 8 टक्क्यांनी कर्ज काढायला निघालात! पैसे काढताना कर लागेल हे खरं, पण तो भरून आरआरएसपीतून पैसे काढता येतात. कंपनीच्या योजनेच्या अटी तेवढ्या वाचा.

आणि अडकण्याची एवढी धास्ती असलेला माणूस 20 वर्षांची पॉलिसी घेतो? 18 लाख भरून 32 लाख, म्हणजे परतावा कसाबसा साडेचार टक्के. वर भारतातली करमुक्ती कॅनडाचा आयकर मानत नाही, हे एजंटनं सांगितलेलं नसणार. चार वर्षं तिथे राहून हप्ता अजून भारतातल्या साध्या बचत खात्यातूनच जात असेल, तर ते खाते आधी एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं, करून घ्या, नियमानं ते केव्हाच व्हायला हवं होतं.

या आठवड्यात एचआरला लिहून आरआरएसपीची कपात सुरू करा. बुडालेले महिने कंपनी भरून देणार नाही, हे धरूनच चाला. पुढच्या हप्त्याआधी पॉलिसीचं सरेंडर मूल्य (आत्ता मोडली तर मिळणारे पैसे) आणि पेड-अप मूल्य (हप्ते थांबवून तशीच ठेवली तर मिळणारे) दोन्ही लेखी मागवा. एजंटकडून नाही, शाखेकडून. आकडे आले की पाठवा.