तीन रुग्णालये, एक संकुल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या शहरातील तीन जुनी रुग्णालये बंद करून ती शहराच्या कडेला एकाच संकुलात नेण्याच्या प्रस्तावाला नगर प्रशासनाने पाठिंबा जाहीर केला आहे. यात रुग्णांचे खरोखर हित आहे, की हा केवळ खर्च वाचवण्याचा मार्ग आहे?

उत्तर : अशा प्रस्तावांमागे हे दोन्ही हेतू असतात. त्यांपैकी रुग्णहिताच्या बाजूने बराच भक्कम पुरावा आहे. बचतीच्या बाजूने तेवढा नाही. एखादी अवघड शस्त्रक्रिया जिथे वारंवार होते तिथे तिचे निकाल अधिक चांगले लागतात, हे हॅरल्ड लुफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 मध्ये अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदींवरून दाखवले. हृदयाच्या आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियांच्या बाबतीत हा संबंध विशेष स्पष्ट दिसला. एकाच हाताला आणि एकाच चमूला सराव मिळणे, हे त्याचे एक कारण मानले जाते.

दुसरे कारण रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहिल्यावर कळते. गरोदर स्त्रीच्या मेंदूत रक्तस्राव झाला आहे आणि प्रसूतितज्ज्ञ एका रुग्णालयात, मेंदूचे शल्यचिकित्सक दुसऱ्या रुग्णालयात, तर नवजात शिशूंचा अतिदक्षता विभाग तिसऱ्या ठिकाणी आहे, अशी कल्पना करा. तिला हलवायचे म्हणजे आधी पलीकडच्या रुग्णालयात खाट मिळवायची, खाटेशेजारच्या व्हेंटिलेटरवरून वाहतुकीच्या व्हेंटिलेटरवर घ्यायचे, ऑक्सिजनचा सिलिंडर वाटेत पुरेल का हे तपासायचे, औषधांचे पंप एकेक करून बदलायचे आणि भूलतज्ज्ञाला सोबत पाठवायचे, म्हणजे तेवढा वेळ इथल्या शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञ नाही. एका संकुलात हेच काम लिफ्ट आणि एक जोडमार्ग एवढ्यावर येते, शिवाय तिन्ही शाखांचे डॉक्टर तिच्याभोवती एकाच वेळी उभे राहू शकतात. एका संकुलाच्या बाजूने मला सर्वांत पटणारा युक्तिवाद हाच आहे.

लंडनचे उदाहरण नेहमी दिले जाते, ते मात्र नीट समजून घ्यावे. तिथे पक्षाघाताच्या रुग्णांवर तीसेक रुग्णालयांत होणारे सुरुवातीचे उपचार 2010 मध्ये आठ विशेष केंद्रांत आणले गेले. पुढे झालेल्या अभ्यासात 90 दिवसांच्या आतील मृत्यूंचे प्रमाण देशाच्या इतर भागांपेक्षा अधिक घटलेले आढळले. वर्षाला सुमारे 96 मृत्यू टळले, असा त्या अभ्यासाचा अंदाज होता. त्याच सुमारास ग्रेटर मँचेस्टरमध्येही असाच बदल झाला, परंतु लक्षणे सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत पोहोचणाऱ्या रुग्णांनाच मोठ्या केंद्रात न्यायचे आणि बाकीच्यांना जवळच्या रुग्णालयात ठेवायचे, अशी तिथली योजना होती. तिथे मृत्यूंमध्ये तशी वेगळी घट दिसली नाही, आणि 2015 मध्ये योजना सुधारून सर्वच रुग्णांसाठी खुली करावी लागली. या दोन्ही ठिकाणी एका आजाराची सेवा एकत्र केली होती, अख्खी रुग्णालये बंद करून हलवली नव्हती. म्हणून तुमच्या शहरातील प्रस्तावाचे समर्थन करताना कोणी लंडनचा दाखला दिला, तर नेमक्या कोणत्या सेवांसाठी तो लागू पडतो, हे अवश्य विचारावे.

प्रश्न : एकत्रीकरणामुळे होणारी बचत सेवांवर खर्च होईल, असे सांगितले जाते. ते कितपत खरे मानावे?

उत्तर : लेखी हिशेब समोर येईपर्यंत मानू नये. इंग्लंडमध्ये 1997 ते 2006 या काळात जवळपास निम्मी सर्वसाधारण रुग्णालये कोणत्या ना कोणत्या विलीनीकरणात सामील झाली. अर्थतज्ज्ञांनी त्यांचा मागोवा घेतला, तेव्हा उत्पादकता वाढलेली नव्हती, तूट कमी झालेली नव्हती आणि काही प्रतीक्षायाद्या लांबलेल्या होत्या.

येथे एक भेद फार महत्त्वाचा आहे, आणि सभागृहांतील चर्चेत तो हटकून निसटतो. एका आवारात येणे आणि एका व्यवस्थापनाखाली येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात 1945 मध्ये स्थापन झालेल्या टेक्सास मेडिकल सेंटरमध्ये अनेक रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालये शेजारी-शेजारी आहेत, तरी प्रत्येकाचे विश्वस्त मंडळ आणि कारभार स्वतंत्र आहे. वातानुकूलनाचे थंड पाणी आणि वाफ पुरवणारा प्रकल्प मात्र सामाईक आहे. याउलट ऑस्लोमध्ये 2009 साली रुग्णालयांचे प्रशासन एक झाले, पण इमारती जिथल्या तिथे राहिल्या. कपड्यांची धुलाई, उपकरणांचे निर्जंतुकीकरण, रक्तपेढी, प्रयोगशाळा, ऑक्सिजनचा साठा यांतली बचत शेजारामुळे होते. तिच्यासाठी सगळी रुग्णालये एकाच मालकाच्या हाती देण्याची गरज नाही. रुग्णाला दुसरे रुग्णालय निवडण्याची सोय राहावी असे वाटत असेल, तर नागरिकांनी हा मुद्दा लावून धरलाच पाहिजे.

प्रश्न : आमच्या वस्तीपासून सध्याचे रुग्णालय पायी जाण्याच्या अंतरावर आहे. नवे संकुल 12 किलोमीटर दूर असेल. घरात दम्याचे रुग्ण आहेत. आमची भीती अनाठायी आहे का?

उत्तर : मुळीच नाही, आणि ती अनाठायी आहे असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. जीव धोक्यात असलेल्या सुमारे दहा हजार रुग्णांच्या रुग्णवाहिका-नोंदींवर आधारलेला एक अभ्यास इंग्लंडमध्ये 2007 साली प्रसिद्ध झाला. रुग्णालयाचे सरळ रेषेतील अंतर 10 किलोमीटरने वाढले, तर मृत्यूचे प्रमाण शेकडा सुमारे एकाने वाढते, असे त्यात आढळले. श्वसनाच्या रुग्णांमध्ये हा परिणाम सर्वांत ठळक होता. पक्षाघात किंवा मोठ्या अपघाताच्या रुग्णाला लांबच्या सुसज्ज केंद्रात नेल्याने जो लाभ होतो, तो दम्याचा झटका आलेल्या रुग्णाला होईलच असे नाही. त्याला जवळ, लवकर आणि साधे उपचार हवे असतात.

म्हणून नवे संकुल कसे असेल या प्रश्नाइतकाच जुन्या जागी काय उरेल हा प्रश्न मोठा आहे. डेन्मार्कने तातडीची सेवा देणारी सुमारे 40 रुग्णालये कमी करून 21 वर आणण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा रुग्णालयाबाहेरची सेवा बळकट करणेही त्याच धोरणाचा भाग होते. 2014 पासून तिथे देशभर हेलिकॉप्टर रुग्णसेवा सुरू आहे. माँट्रियलमध्ये तीन रुग्णालये मिळून झालेले विद्यापीठ-रुग्णालय 2017 मध्ये नव्या इमारतीत गेले, परंतु त्या तिघांपैकी नोत्र-दाम हे बंद न करता वस्तीचे रुग्णालय म्हणून चालू ठेवले गेले. तुमच्या वस्तीसाठीही चोवीस तास चालणारा तातडीचा विभाग, जागेवर उभी असणारी रुग्णवाहिका आणि डायलिसिसची सोय यांची मागणी आपण करू शकता. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या वृद्धासाठी 12 किलोमीटर म्हणजे प्रत्येक खेपेला कोणाची तरी बुडालेली मजुरी असते, आणि ही किंमत प्रकल्पाच्या अहवालात कुठेही धरलेली नसते.

प्रश्न : सगळे एकाच ठिकाणी असताना तिथेच पूर आला किंवा वीज गेली तर?

उत्तर : असे घडलेले आहे. जून 2001 मध्ये ॲलिसन वादळाच्या पावसाने वर उल्लेखिलेले ह्यूस्टनचे संकुल पाण्याखाली गेले. तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात जनित्रे पुराच्या पातळीच्या वर होती, परंतु त्यांची वीज इमारतीत फिरवणारी यंत्रणा तळघरात होती. वीज गेल्यावर शेकडो रुग्णांना अन्यत्र हलवावे लागले. लिफ्ट बंद असल्याने अनेकांना जिन्यावरून उचलून खाली आणले. त्यानंतर त्या संकुलात पूररोधक दरवाजे बसले. जागा निवडतानाच पुराची रेषा, दोन स्वतंत्र वीजवाहिन्या आणि किमान दोन बाजूंचे रस्ते यांची खातरजमा नगर प्रशासनाने करायची असते, कारण पाणी, रस्ते आणि बांधकामाची परवानगी त्याच्याच हातात असते.

प्रश्न : नगर प्रशासनाच्या पाठिंब्याला प्रत्यक्षात काही अर्थ असतो का? निर्णय तर रुग्णालयांची विश्वस्त मंडळेच घेणार.

उत्तर : फार मोठा अर्थ असतो, आणि तो परवानगी देईपर्यंतच असतो. जमिनीच्या वापरात बदल, रस्तारुंदी, मलनिस्सारण, बसमार्ग यांवाचून संकुल उभे राहू शकत नाही. त्यामुळे पाठिंब्याच्या ठरावातच अटी नमूद कराव्यात : पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वी बससेवा सुरू झालेली असावी, जुन्या ठिकाणच्या सेवा किती वर्षे चालतील हे लिहून द्यावे, आणि रिकाम्या होणाऱ्या इमारतींचे काय करायचे ते आधीच ठरावे. ही शेवटची अट किरकोळ वाटते, पण तशी नाही. माँट्रियलचे रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालय 2015 मध्ये नव्या संकुलात गेले आणि डोंगरउतारावरील त्याच्या जुन्या इमारती अनेक वर्षे रिकाम्याच उभ्या राहिल्या. बिनशर्त ठराव एकदा मंजूर झाला, की मागण्या केवळ विनंत्या उरतात.

प्रश्न : मी परिचारिका आहे. या सगळ्यात आमचे काय होते?

उत्तर : तीन ठिकाणच्या सेवाज्येष्ठतेच्या याद्या एक होताना कोणाची वर्षे कशी मोजली जाणार, हे स्थलांतराआधी लेखी मागून घ्या. रात्रपाळी सुटते त्या वेळी परतीची बस आहे का, हेही विचारा. आणि एकमेकींना अनोळखी असलेल्या तीन चमूंना नव्या अतिदक्षता विभागात रुग्ण येण्यापूर्वी एकत्र सराव करायला सवेतन दिवस मिळाले पाहिजेत, असा आग्रह धरा; औषधांच्या ट्रॉलीत कोणते इंजेक्शन कोणत्या खणात आहे, हे पहिल्या आपत्कालीन रुग्णाच्या वेळी शोधत बसण्याची पाळी तुमच्यावर येऊ नये.