नववीच्या पोरांना बातमी शिकवताय? कॅमेरा नंतर

मॅडम, पोरांना व्हिडिओ बातमी शिकवायला एडिटिंगचं अ‍ॅप कोणतं, असं विचारलंत; ते दिवाळीनंतर बघू. सुरुवातीला फक्त वही-पेन. पोरांना आपल्या कोल्हापुरातल्या कपिलतीर्थ मंडईत न्या आणि एकच विचारा: आज इथं नवीन काय? "आमची मंडई" हा निबंध झाला. मेथीची पेंडी कालपेक्षा महाग का, ही बातमी.

मग मोबाईल काढा. नवखे हमखास चुकतात ते इथं:

- आवाज. चित्र थोडं हललं तर चालतं, बोलणं ऐकू आलं नाही तर सगळं वाया. फोन बोलणाऱ्याजवळ न्या. पार्श्वसंगीत नकोच.
- प्रत्येक मुलाखत मुख्याध्यापकांची!
- पालकांना न विचारता लहान मुलांचे चेहरे दाखवणं.

पडताळणी मात्र पहिल्या तासापासून. पावसाळ्यात पंचगंगा नदीच्या पाणीपातळीचे आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर धडाधड फिरतात, २०१९ च्या महापुराचे व्हिडिओही आजचे म्हणून खपतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, एवढं पोरांना पाठ हवं. मेसेज कधीचा, पाणी कुठं मोजलं, सांगणारा कोण, हे विचारून आकडा जिल्हा प्रशासनाच्या माहितीशी ताडून बघायला लावा. कोल्हापुरात यापेक्षा चांगला धडा नाही.

पॉडकास्ट, ड्रोन वगैरे पुढच्या वर्षी. पहिली बातमी एका मिनिटाचीच करा, झाली की पाठवा, ऐकतो.